आबांच्या बंदुकीची नळी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग डोळ्यांत थेंब, मग डॉक्टरांची तंबी, यात दोन महिने गेले. पण खरं सांगायचं तर डोळे हे निमित्त. जे लिहायचं होतं ते लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं. आमच्या घरातली बरीच मंडळी हा ब्लॉग वाचतात. यातली शेवटची गोष्ट त्यांच्यापैकी काही जणांना आज पहिल्यांदाच कळेल.

विषय आहे बंदुकीची नळी. हसू नका. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या आणि खडूपेक्षा जड काही हातात न धरलेल्या या मास्तरानं गेला अख्खा उन्हाळा बंदुकीची नळी शोधण्यात घालवला.

आमची शेती निमगाव केतकीच्या पुढे, इंदापूरच्या वाटेवर. मी बारामतीत राहतो, थोरले बंधू मळ्यातच. सगळं घर त्यांना दादा म्हणतं, त्यांची मुलंसुद्धा. दादा आता ब्याऐंशीचे आहेत. शिमग्याच्या आसपास पुतण्या मोटरसायकलवरून बारामतीला आला. चहा व्हायच्या आधीच म्हणाला, "तात्या, मक्यात डुकरं शिरली. एका रात्रीत अर्धा एकर लोळवला. आबांची बंदूक चालू करून द्या."

आबा म्हणजे आमचे वडील. त्यांची बंदूक ठासणीची. मळ्यातल्या घरात मधल्या खोलीत दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली असते. नव्या पिढीतल्या वाचकांसाठी सांगतो, ठासणीची म्हणजे तोंडाकडून भरायची. आधी मापानं दारू ओतायची, त्यावर चिंधीचा बोळा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, आणि हे सगळं लांब गजानं ठासायचं. मग घोडा मागे ओढून खालच्या खुंट्यावर तांब्याची एवढीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एक बार भरायला आबांना दोन मिनिटं सहज लागत. तेवढ्यात ज्वारीत शिरलेलं जनावर शेजारच्या शिवारात गेलेलं असे. आबांचे बहुतेक बार आभाळाला लागले. त्यांना ते चालायचं. जनावर गेलं, काम झालं.

पुतण्यानं बंदूक काढून पाहिली होती. लाकडी दस्ता ठणठणीत, घोडा तेल दिल्यावर हलायला लागला. पण नळीत बॅटरी मारली तर आत नुसता गंज. "नळी तेवढी बदलायची," तो म्हणाला. "पंपाचा पाइप बदलतो तशी. तुम्हाला वेळ आहे, जरा चौकशी करा."

रिटायर माणसाला वेळ असतो, हा आपल्याकडचा सर्वांत पक्का समज. असो. मी हो म्हणालो. का म्हणालो, ते पुढे येईलच.

पहिल्यांदा गेलो ओळखीच्या एका फिटरकडे. वालचंदनगरच्या कारखान्यात लेथवर हयात काढलेला माणूस, आता घरीच असतो. माझा विद्यार्थी नाही, पण त्याची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली. तो आमच्या मळ्यावर आला, दादांसमोर बंदूक मांडीवर घेतली आणि दोन खिळे काढून नळी लाकडातून वेगळी केली. उभ्या जन्मात त्या नळीची खालची बाजू मी कधी पाहिली नव्हती. तिथे बारीक ठसे होते. एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन राजदंड, वर मुकुट, आणि शेजारी १० हा आकडा.

त्या ठशांच्या मागे मी आठवडाभर होतो. नातीनं इंटरनेटवर फोटो काढून दिले, त्यांच्याशी ताडून पाहिलं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला १८१३ साली कायद्यानं एक प्रूफ हाऊस उभं राहिलं, म्हणजे नळ्यांची परीक्षा घेण्याची जागा. विकायला जाण्याआधी प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरायची आणि बार काढून पाहायचा. फुटली तर नापास. टिकली तर तिच्यावर ठसा. मुकुटाखालचे असे राजदंड तिथे १९०४ पर्यंत मारले जात. म्हणजे आमच्या मळ्यातली नळी विसाव्या शतकाच्या आधीची किंवा अगदी तोंडावरची, बर्मिंगहॅमची आणि पास झालेली. पुढे ती बोटीनं मुंबईला आणि तिथून आमच्या आजोबांच्या हातात कशी आली, हे सांगणारं कोणी उरलं नाही. घरात एवढंच ऐकलं आहे की एक बैल देऊन ती घेतली.

आणि तो १० चा आकडा म्हणजे बोअर. हे गणित मला फार आवडलं. मी गणिताचा मास्तर नव्हतो, तरी सांगतोच. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या सारख्या वजनाच्या दहा गोळ्या पाडायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत चपखल बसेल ती दहा बोअरची. बारा पाडल्या तर बारा बोअर. म्हणजे आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. बारा बोअरचं तोंड साधारण साडेअठरा मिलिमीटर, दहा बोअरचं एकोणीस पूर्णांक सात. पुतण्यानं व्हर्निअर लावला तर तोंडाशी वीसच्या थोडं वर भरलं, एवढी ती झिजली होती. फरक एका मिलिमीटरच्या आसपासचा, पण सगळं घोडं तिथेच अडलं. हल्ली जिथे तिथे बारा बोअर. दहा बोअर कोणी ठेवत नाही.

फिटरनं नळीच्या बुडाकडच्या बाजूवरून अंगठा फिरवला. जिथे दारू पेटते आणि सगळा जोर बसतो ती ही जागा. आत खड्डे पडले होते. मग त्यानं उन्हात धरून नळीचं अंग दाखवलं. गंज पुसल्यावर लोखंडात नागमोडी रेघा दिसत होत्या, वेणी घातल्यासारख्या. जुन्या काळी अखंड सळईला भोक पाडून नळी करत नसत. लोखंडाच्या पट्ट्या तापवायच्या, पिळायच्या, गजाभोवती गुंडाळायच्या आणि ठोकून ठोकून एकजीव करायच्या. त्या सांध्यांत एकदा गंज शिरला की वरून काही दिसत नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "ही उडवायची नाही. उडवली तर समोरच्याच्या आधी उडवणारा जाईल."

"मग तू नवी करून देशील?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे मी पाहत असे. म्हणाला, "पाइप वेगळा आणि नळी वेगळी. पाइपात पाणी सारखं दाबानं वाहतं. हिच्यात एका क्षणात धक्का बसतो. आणि मी केली तर पास-नापास कोण करणार? शिवाय मला उतारवयात जेलात जायचं नाही."

हा शहाणा माणूस. कारण पुतण्याला एका वर्कशॉपवाल्यानं आधीच सांगितलं होतं, "दोन दिवसांत देतो, सीमलेस पाइप आहे आपल्याकडं." पुतण्यानं माप काढून कागदावर लिहूनही ठेवलं होतं. तो कागद मी त्याच्यासमोर फाडला. आमच्यात त्यावरून थोडं वाजलंसुद्धा.

मग मी कायदा वाचला. आयुष्यभर पोरांना धडा वाचून यायला सांगितलं, आता आपण वाचावा. शस्त्र कायदा १९५९ चा. तो १९६२ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. त्याच्या आधीचा १८७८ चा, लॉर्ड लिटनचा. तो मी वर्गात दर वर्षी शिकवला. हिंदी माणसाच्या हातून हत्यार काढून घेणारा कायदा, काँग्रेसनं त्याविरुद्ध ठराव केले, परीक्षेला टीप लिहा. पण १९५९ च्या कायद्यात काय आहे, हे आम्हा शिकवणाऱ्यांना कुठे ठाऊक!

तर त्यात एक कलम माझ्या मनात भरलं. तेरावं. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर तिचा परवाना द्यावा, असं त्यात नाव घेऊन म्हटलं आहे. ठासणीच्या बंदुकीनं भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच दुसरी साध्या नळीची बंदूक. म्हणजे दिल्लीत कायदा लिहिताना कोणाच्या तरी डोळ्यांसमोर मचाणावर बसलेला शेतकरी होता. आबांचा परवानाही असाच, पीक संरक्षणाचा.

दुसरी गोष्ट मात्र पुतण्याच्या पंपाच्या पाइपाला छेद देणारी होती. कायद्याच्या व्याख्येत 'शस्त्र' म्हणजे नुसती बंदूक नाही, तिचे भागही त्यात आले. सुटी नळी हेसुद्धा शस्त्रच. ती करणं, विकणं, बंदुकीची दुरुस्ती करणं, तिची चाचणी घेणं, सगळ्याला परवाना. नंबर खोडणं किंवा बदलणं हा गुन्हा. आणि आमच्या परवान्यावर जो नंबर आहे तो दस्त्यावर नाही, घोड्यावर नाही. तो नळीवर ठोकलेला आहे.

पुण्याला एका बंदुकीच्या दुकानात गेलो. जुनं दुकान, भिंतीवर जुने कॅलेंडर, मालक माझ्याच वयाचे. त्यांनी चहा मागवला. मी सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही दस्ता बदला, घोडा बदला, चाप बदला, तरी बंदूक तीच. नळी बदलली की बंदूक दुसरी. मग परवाना कशाचा आणि वारसा कशाचा?" मुंगेर आणि जम्मूकडे परवाना असलेले बंदूक कारखाने आहेत, तिथून चौकशी करतो म्हणाले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. दहा बोअरची एकनळी सुटी कोणी देत नाही. नवी अख्खी ठासणीची बंदूक घ्या, ती मिळेल, तिचा रीतसर अर्ज करा.

परतीच्या एसटीत मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. १८५७ चा उठाव मी किती वर्षं शिकवला असेन. गाईची-डुकराची चरबी लावलेली काडतुसं, ती दातानं तोडायची, २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे. पण दातानं का तोडायची? एकदा सातवीतल्या एका पोरानं विचारलं होतं. मी त्याला "नियमच होता तसा" म्हणून खाली बसवलं. अरे, ती एन्फिल्ड रायफल ठासणीची होती! कागदाच्या पुडीत दारू आणि गोळी एकत्र. पुडीचं टोक दातानं फाडायचं, दारू तोंडाकडून नळीत ओतायची आणि गोळी गजानं ठासायची. उत्तर आमच्याच मधल्या खोलीत खुंटीवर टांगलेलं होतं. तो पोरगा आता चाळिशी ओलांडलेला असेल. कुठे असेल तिथे त्यानं मला माफ करावं.

(जाता जाता: आमची रायफल नव्हे. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्यानं गोळी गिरकी घेत सरळ जाते. आमची आतून गुळगुळीत. निदान असायला हवी होती.)

एवढ्यात अमेरिकेतल्या नातवाचा व्हिडिओ कॉल. त्याला ही सगळी कथा त्याच्या आईकडून कळली होती. भलताच उत्साहात होता. "आजोबा, इथे नळ्या ऑनलाइन मिळतात. सुट्या. घरपोच. कॅलिबर सांगा." मी म्हटलं, दहा बोअर. तो म्हणाला, बोअर नाही, इंचात सांगा. मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पाऊण इंचापेक्षा किंचित जास्त, पॉइंट सात सात पाच. तो म्हणाला, पॉइंट सात पाच मिळतेय, ब्राउन बेसची, चालेल?

आता पाहा गंमत. ब्राउन बेस म्हणजे कंपनी सरकारच्या शिपायांची बंदूक. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या माळावर पेशव्यांच्या फौजेवर ज्या बंदुका चालल्या त्या जातीची. आज तिच्या नळ्या नव्या करून हौशी लोकांना विकतात, आणि माझा नातू ती इंदापूरला पाठवायला निघालेला. तिकडे १९६८ च्या त्यांच्या केंद्रीय कायद्यानं काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुका नेहमीच्या बंदुकांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत, त्यामुळे नळी पुस्तकासारखी टपालानं येते. मी त्याला म्हटलं, "बाळा, ऑर्डर दाबू नकोस. इकडे आयातीचा परवाना नसताना ती कस्टममध्ये उघडली तर तुझ्या मामाला आणि दादाआजोबांना हातकड्या पडतील." तो जरा हिरमुसला. बिचाऱ्याला आजोळासाठी काहीतरी करायचं होतं. तिथे वाढलेल्या पोराला कसं समजावणार, की इकडे निवडणूक आली की आबा ही बंदूक खांद्याला लावून चालत इंदापूरला जायचे, ठाण्यात जमा करायचे, पावती घ्यायचे आणि निकालानंतर पुन्हा जाऊन आणायचे. पावत्यांचा गठ्ठा अजून ट्रंकेत आहे.

नळी मिळणार नाही हे माझ्यापुरतं वैशाखातच ठरलं होतं. तरी मी शोधत राहिलो. जुन्या बाजारात फिरलो, दोन ओळखीच्या घरांत अशाच पडून असलेल्या बंदुका पाहिल्या, पुण्यात केळकर संग्रहालयात जाऊन काचेआडच्या नळ्यांची तोंडं डोळ्यांनी मोजली. तिथल्या शिपायाला वाटलं असेल, म्हातारा हरवला आहे. घरचे म्हणायला लागले, "एवढं काय त्या नळीचं?"

तेच आता सांगतो.

आबा खंडेनवमीला बंदूक पुजायचे. विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, त्यांच्या शेजारी माझी पुस्तकं आणि मधे बंदूक. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोनं लुटून आलं की संध्याकाळी अंगणात एक बार काढायचे. नुसता दारूचा, छऱ्यांशिवाय. पोरं कानांत बोटं घालून उभी. आणि त्यानंतर एक काम ठरलेलं. चुलीवर हंडाभर पाणी उकळायचं आणि नळी धुवायची. काळ्या दारूत सोरा असतो, तो जळून उरलेली राख हवेतला ओलावा ओढते. मिठाच्या बरणीसारखी. रात्रभर ठेवली तर सकाळी नळीत पाणी सुटलेलं, आठवड्यात गंज. म्हणून उकळतं पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल. आबांनी हे काम कधी चुकवलं नाही.

१९८९ च्या दसऱ्याला आबांनी बार काढला. त्यांना दम लागला होता. ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "पाणी तापलं की नळी धुऊन टाक रे." मी हो म्हणालो. मला सातची बारामतीची एसटी गाठायची होती. सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले होते. पाणी तापायला वेळ होता. मी बंदूक फडक्यानं वरून पुसली, खुंटीवर टांगली आणि निघालो. दादा धुतील असं मनात म्हटलं. दादांना सांगितलं मात्र नाही.

चौथ्या दिवशी आबांना अर्धांगवायूचा झटका आला. कोजागिरी आम्ही दवाखान्यात काढली. त्यातून ते उठले नाहीत. परवाना त्यांच्या नावाचा, तो त्यांच्याबरोबर संपला. बंदूक रीतसर जमा केली आणि दादांच्या नावावर परवाना होऊन ती घरी यायला काही महिने गेले. आली ती थेट खुंटीवर गेली. पुढच्या दसऱ्याला कोणी बार काढला नाही.

बऱ्याच वर्षांनी कधीतरी नळीतला गंज लक्षात आला, तेव्हा घरात एक वाक्य रूढ झालं. "दादांनी आबांची बंदूक नासवली." लग्नाकार्यात, भावकीच्या भांडणात, चेष्टेत. परवाना दादांच्या नावावर, मग दोषही त्यांचाच. मी प्रत्येक वेळी तिथे होतो. गप्प होतो. एकदा तर मीही हसलो होतो.

म्हणून मला नळी हवी होती. नवी नळी बसली असती की गंज गेला असता आणि ते वाक्यही.

आषाढात मळ्यावर गेलो आणि दादांजवळ बसलो. ठरवून गेलो होतो. हळू आवाजात सुरुवात केली, "दादा, त्या दसऱ्याला..."

"मोठ्यानं बोल," दादा म्हणाले. त्यांना आता ऐकू येत नाही. यंत्र लावत नाहीत, शिट्टी वाजते म्हणतात.

झालं! पस्तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मला ओरडून सांगावी लागली. स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या, सून आली, पडवीत जनावरांचं करणारा गडीसुद्धा वैरण ठेवून उभा राहिला. "नळी मी धुतली नाही! मला सांगितलं होतं आबांनी! मी तशीच टांगली!"

दादा बराच वेळ खुंटीकडे पाहत होते. मग म्हणाले, "पाणी तापलं होतं. हंडा मी उतरवला. बघितलं तर बंदूक खुंटीवर. म्हटलं मास्तरनं धुतली असणार. त्या पाण्यानं मी आंघोळ केली."

वहिनी म्हणाल्या, "आणि मला तवा म्हणाला होता, एवढं पाणी कशाला तापवलं."

यावर काय बोलणार? मी काही बोललो नाही, दादाही नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "नळी मिळाली का?" मी मान हलवून नाही म्हटलं. "बरं झालं," म्हणाले. "आबांची नळी काढून टाकायची आणि नुसतं लाकूड ठेवायचं, ते मला पटत नव्हतं. पोराचं मन मोडू नये म्हणून गप होतो."

तर आता ठरलं ते असं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिली, की तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. दादा दोन्ही अटींत बसतात. पुतण्यानं अर्ज केला आहे. अर्ज भरताना अभयारण्यापासूनचं अंतर विचारलं. दहा किलोमीटरच्या आत असेल तर नव्या परवान्याला वन्यजीव विभागाची संमती लागते. आपल्याकडचं मयूरेश्वर अभयारण्य सुप्याला, बारामती तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तेव्हा तो प्रश्न आला नाही. पोलिसांची चौकशी व्हायची आहे. परवाना मिळाला तर पूर्वीसारखी तीन वर्षांची नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांची मुदत. बंदूक मात्र उडवायची नाही, हे पुतण्यानं दादांच्या पायावर हात ठेवून कबूल केलं आहे.

आणि डुकरं? अहो, बंदूक चालू असती तरी रानडुकराला बार घालायचा तर आधी वनखात्याची परवानगी लागते, हे मला या सगळ्या वाचनात कळलं. पुतण्यानं मक्याभोवती झटका मशीन बसवलं. सौरऊर्जेवर चालतं, तारेला नाक लागलं की डुक्कर किंचाळून पळतं. आता ती शेजाऱ्याच्या उसात जातात. शेजारी आमच्याशी बोलत नाही. उसात बिबट्या असल्याची आवई दर आठवड्याला उठते, त्यामुळे रात्री राखणीला कोणीही जात नाही, बंदूक असो वा नसो.

त्या दिवशी निघायच्या आधी दादा म्हणाले, "पाणी ठेव गं चुलीवर." गॅस असताना चूलच का, हे कोणी विचारलं नाही. पुतण्यानं बंदूक खाली काढली. दादांना अंगणात खुर्ची दिली. नळी मी धरली, पुतण्याच्या धाकट्यानं तांब्यानं पाणी ओतलं. आधी काहीच येईना. मग खुंट्याच्या भोकातून बारीक धार सुटली, विटेसारखी लाल. धाकटा म्हणाला, "रक्त!" वहिनींनी त्याला गप्प केलं. नळी तापली, हाताला बसेना, तेव्हा फडकं घेतलं.

दुसरा हंडा संपला. माझी साडेसहाची एसटी होती. मी घड्याळाकडे पाहिलं, ते दादांनी पाहिलं.

"अजून एक ठेव," ते वहिनींना म्हणाले.